फुकट टपालाचा हिशेब

भारतीय टपाल खात्याने २००२ साली ‘मेघदूत’ नावाचे पोस्टकार्ड काढले. साधे पोस्टकार्ड तेव्हा ५० पैशांना मिळे, मेघदूत २५ पैशांना. कार्ड तसेच, पोहोचवणारा पोस्टमनही तोच. फरक एवढाच, की पत्त्याच्या बाजूला एक जाहिरात छापलेली असे. कार्ड स्वस्त झाले ते जाहिरातदाराने त्या जागेचे पैसे दिले म्हणून.

हे कार्ड वर्गात दाखवून ‘पत्र स्वस्त कसे झाले?’ असे विचारले, तर सातवी-आठवीची मुले चटकन उत्तर देतील. जाहिरात डोळ्यांसमोर असते, किमतीतला फरकही समोर असतो. पण ‘आपला ई-मेल फुकट कसा?’ असे विचारले तर? ई-मेलला कागद लागत नाही, म्हणून खर्चच येत नाही, असे बऱ्याच मुलांना वाटते. ते खरे नाही. पत्रे साठवणारे संगणक विकत घ्यावे लागतात, त्यांना चोवीस तास वीज लागते, तारांचे भाडे असते, देखभाल करणाऱ्या माणसांचे पगार असतात. हा खर्च कोणीतरी करतोच. तो कोण करू लागला आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळाले, हे समजण्यासाठी १९९४ ते २००९ ही पंधरा वर्षे नीट पाहायला हवीत.

युक्ती जुनीच

जाहिरातीच्या पैशाने वाचकाचा खर्च हलका करायचा, ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १८३६ साली पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दां यांनी ‘ला प्रेस’ हे दैनिक सुरू केले. इतर दैनिकांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक असताना त्यांनी ती ४० फ्रँक ठेवली आणि तूट जाहिरातींतून भरून काढायचे ठरवले. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर ऐकली जाई. तिचा खर्च टूथपेस्ट विकणारी कंपनी करत असे.

या दोन्ही उदाहरणांतली एक गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे ती बदलणार आहे. जाहिरात सर्वांना एकच दिसे किंवा ऐकू येई. वाचणारा किंवा ऐकणारा माणूस नेमका कोण, त्याचे वय काय, पगार किती, हे जाहिरातदाराला कळत नसे. त्याला फार तर अंदाज बांधता येई.

इंटरनेटवर धंद्याला जागा

अमेरिकेत इंटरनेटचा कणा असलेले जाळे नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशावर चाले. ते शिक्षण आणि संशोधन यांसाठी होते. निव्वळ धंद्याची वाहतूक त्याच्या नियमांत बसत नसे. पुढे खाजगी कंपन्यांची जाळी वाढली आणि ३० एप्रिल १९९५ रोजी हा सरकारी कणा बंद करण्यात आला. त्याआधी काही महिने, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, ‘हॉटवायर्ड’ या वेब-नियतकालिकाने आपल्या पानांवर आडव्या पट्ट्यांच्या आकाराच्या जाहिराती लावल्या होत्या. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी त्यांत होती. अशा पट्टीला पुढे ‘बॅनर’ म्हणू लागले. तिच्यावर क्लिक केले की माणूस थेट जाहिरातदाराच्या पानावर पोहोचे. किती जणांनी पट्टी पाहिली आणि किती जणांनी दाबली, दोन्ही आकडे मोजता येत. वर्तमानपत्राला हे कधीच जमले नव्हते.

त्या काळी ई-मेलचा पत्ता सहसा विद्यापीठाकडून किंवा कचेरीकडून मिळे, नाहीतर इंटरनेटची जोडणी विकणाऱ्या कंपनीकडून पैसे देऊन घ्यावा लागे. नोकरी सुटली की पत्ता गेला. पत्रे स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊन वाचायची पद्धत होती. अशा पत्राच्या बाजूला जाहिरात लावायची कुठे?

दोन वाटा

या प्रश्नाची दोन उत्तरे १९९६ साली पुढे आली.

पहिले उत्तर होते ‘जूनो’. न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ या वित्तसंस्थेने ही सेवा एप्रिल १९९६ मध्ये सुरू केली. जूनोची आज्ञावली फुकट मिळे. ती संगणकात बसवली की मोडेम जूनोच्या क्रमांकावर फोन लावे, लिहिलेली पत्रे पाठवी आणि आलेली उतरवून घेई. पत्रांसोबत जाहिरातीही उतरत आणि पत्रे वाचताना पडद्यावर दिसत राहत. यासाठी वेगळी इंटरनेट जोडणी लागत नसे. मात्र सभासद होताना एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यावी लागे. तिच्या आधारे कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते ठरे. ‘ला प्रेस’पासून चालत आलेली गोष्ट इथे बदलली. जाहिरातदाराच्या अंदाजाची जागा आता नोंदीने घेतली.

दुसरे उत्तर होते ‘हॉटमेल’. ते देणारे दोन तरुण म्हणजे सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ. भाटियांचा जन्म चंदीगडचा, सुरुवातीचे शिक्षण पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये, पुढचे बंगळूर, पिलानी आणि मग अमेरिकेत. दोघे एकाच कंपनीत नोकरीला होते. फावल्या वेळात स्वतःच्या उद्योगाची आखणी करायची, तर एकमेकांना पत्रे पाठवायला हवीत. पण कचेरीच्या जाळ्यातून त्यांना आपापल्या खाजगी खात्यांपर्यंत पोहोचता येत नव्हते. वेबपाने मात्र उघडत होती. मग पत्रेच वेबपानावर वाचता आली तर? असे केले की पत्रे आपल्या संगणकावर उतरवायची गरज राहत नाही. ती सेवा देणाऱ्याच्या संगणकावर राहतात आणि जगातल्या कोणत्याही संगणकावरून वाचता येतात.

जाहिरातीच्या दृष्टीने या रचनेला फार महत्त्व होते. खातेदाराने पत्रांची यादी उघडली की एक पान, पत्र उघडले की दुसरे, उत्तर लिहायला घेतले की तिसरे. प्रत्येक पानावर एक पट्टी लावता येत होती.

सुमारे वीस गुंतवणूकदारांनी नकार दिल्यावर ड्रेपर फिशर जर्वेटसन या संस्थेने ३ लाख डॉलर दिले आणि बदल्यात कंपनीचा १५ टक्के हिस्सा घेतला. ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू झाले. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची चारही अक्षरे इंग्रजी नावात यावीत म्हणून हे नाव निवडले होते.

गुंतवणूकदारांपैकी टिम ड्रेपर यांनी एक सूचना केली. इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, ‘तुम्हीही हॉटमेलवर मोफत ई-मेल घ्या’ अशा अर्थाची एक ओळ जोडावी. भाटिया आणि स्मिथ आधी कचरले. लोकांच्या खाजगी पत्रात आपला मजकूर घुसडणे त्यांना प्रशस्त वाटेना. अखेर ते तयार झाले.

पत्राखालची ही ओळ आणि पानावरची पट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी पैसे मिळवून देई, ओळ नवे खातेदार आणी. एखाद्याने आपल्या आतेभावाला खुशालीचे पत्र पाठवले की नकळत तो हॉटमेलचा प्रचारकही होई. शिवाय ओळखीच्या माणसाचे पत्र असल्याने त्या ओळीवर विश्वास बसे. सहा महिन्यांत खातेदार १० लाखांवर गेले. १९९७ साली स्टीव्ह जर्वेटसन आणि ड्रेपर यांनी या प्रकाराला ‘व्हायरल मार्केटिंग’ म्हणजे साथीसारखा पसरणारा प्रचार म्हटले. ज्या स्वीडनमध्ये आणि भारतात हॉटमेलने काहीच प्रचार केला नव्हता, तिथेही ती सर्वांत मोठी ई-मेल सेवा झाली होती, असे त्यांनी नोंदवले. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले. खातेदार तेव्हा ८५ लाखांच्या पुढे होते आणि किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरी संगणक आणि जोडणी असणारे थोडेच होते. अशा वेळी सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचा, कायमचा पत्ता फुकट मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. परदेशी विद्यापीठांना अर्ज करणारी किंवा दूरच्या नातलगांशी बोलणारी कितीतरी माणसे अशा पत्त्यांवर विसंबून होती.

हजारी हिशेब

आता थोडे गणित करू. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. पट्टीचा दर हजार वेळा दाखवण्याला अमुक असा ठरतो. समजा, तो दर १०० रुपये आहे आणि एक खाते सांभाळायला महिन्याला ५ रुपये लागतात. एका खातेदाराने महिन्यात ३०० पाने उघडली, तर जाहिरातीचे ३० रुपये आले. खर्च वजा जाता २५ रुपये उरले. दुसऱ्याने महिनाभर खाते उघडलेच नाही. मिळकत शून्य आणि खर्च तेवढाच.

या हिशेबातून फुकट सेवांचे नियम आपोआप उलगडतात. हॉटमेलवर २००४ सालापर्यंत पत्रांसाठी फक्त २ मेगाबाइट जागा मिळे आणि महिनाभर न उघडलेल्या खात्यातली पत्रे पुसली जात. याहूने एप्रिल २००२ मध्ये पत्रे स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय फुकट देणे थांबवले आणि तिच्यासाठी वर्षाला सुमारे ३० डॉलर लावले. का? जो पत्रे उतरवून घेतो तो याहूची पाने उघडत नाही, म्हणजे पट्ट्याही पाहत नाही.

फुकटचे घर

ई-मेलचा हा हिशेब जुळण्यासारखा होता. वेबपानांसाठी फुकट जागा देणाऱ्यांचा मात्र जुळेना.

डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात सुरू केलेली कंपनी पुढे ‘जिओसिटीज’ म्हणून प्रसिद्ध झाली. कोणालाही तिथे स्वतःची पाने ठेवायला जागा मिळे. जागांची रचना गावासारखी होती. शिक्षण-साहित्यवाल्यांचा मोहल्ला ‘अथेन्स’, विज्ञानप्रेमींचा ‘केप कॅनव्हरल’, मोटारींची हौस असणाऱ्यांचा ‘मोटरसिटी’, मुलांचा ‘एन्चँटेड फॉरेस्ट’ म्हणजे जादूचे जंगल. प्रत्येकाला घर क्रमांक मिळे. ऑक्टोबर १९९७ पर्यंत घरमालक १० लाखांवर गेले. संपादकाची परवानगी नाही, छपाईचा खर्च नाही. ज्यांना आजवर कोणी काही छापू दिले नव्हते, त्यांनी इथे आपले छंद, प्रवास, पाळीव मांजरे, आजोबांच्या आठवणी मांडल्या.

पण आपले कल्पित आकडे इथे लावून पाहा. अशा पानाला महिन्यात २० जणांनी भेट दिली, तर मिळकत २ रुपये आणि खर्च ५ रुपये. दुसरी अडचण अशी, की पानावर काय लिहिले आहे हे जाहिरातदाराला आधी कळत नाही. मोहल्ल्यांची रचना इथे उपयोगी पडे, कारण मोटारींची जाहिरात मोटरसिटीत लावता येई. पण मोहल्ल्यावरून पानाची पूर्ण खात्री मिळत नसे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्सटाउन गावातून चालणाऱ्या ‘ट्रायपॉड’ या अशाच सेवेला ही अडचण चांगलीच भोवली. एका मोटार कंपनीला आपली पट्टी लैंगिक विषयावरच्या एका पानावर दिसली आणि ती संतापली. तेव्हा ट्रायपॉडमध्ये काम करणाऱ्या इथन झुकरमन यांनी तोडगा काढला. जाहिरात पानावर न लावता वेगळ्या छोट्या खिडकीत उघडायची, म्हणजे जाहिरातदाराचा त्या पानाशी संबंध दिसणार नाही. हीच ती ‘पॉप-अप’ जाहिरात. पुढे तिने वाचकांना इतके छळले, की २०१४ साली झुकरमन यांनी एका लेखात तिच्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांचा खरा मुद्दा याहून मोठा होता. वेबचा संसार जाहिरातीवर चालवायचे ठरले, तिथेच मूळ चूक झाली, असे त्यांनी लिहिले.

घरमालकांनाही त्रास झाला. १९९७ पासून जिओसिटीजच्या पानांवर जाहिराती येऊ लागल्या. १९९८ मध्ये पानाच्या कोपऱ्यात सतत तरंगणारे कंपनीचे चिन्ह आले. पाने लिहिणाऱ्यांनी तक्रारी केल्या, पण घर फुकटचे होते.

जाहिरातदाराला माणूस हवा

पट्ट्यांचे नावीन्य लवकरच ओसरले. दर शंभर दर्शनांमागे एकदाही क्लिक मिळेना. मग कमी दर्शनांत जास्त पैसे मिळवण्याचा एकच मार्ग उरला. ज्याला ती वस्तू घ्यायची शक्यता आहे, त्यालाच ती दाखवायची. त्यासाठी माणूस कोण आहे हे ठाऊक हवे.

ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जिओसिटीजविरुद्धचे प्रकरण जाहीर केले. इंटरनेटवरच्या खाजगी माहितीबद्दल या आयोगाने हाताळलेले हे पहिले प्रकरण. सभासदांनी नोंदणी करताना दिलेले शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय, आवडीनिवडी यांसारखे तपशील परवानगीशिवाय कोणाला देणार नाही असे सांगून ते जाहिरातींसाठी इतरांना दिले, असा आरोप होता. मुलांकडून घेतलेली माहिती नेमकी कोणाच्या हाती जाते, याबद्दल दिशाभूल केल्याचाही आरोप होता. जिओसिटीजने आरोप मान्य केले नाहीत. पण कोणती माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगण्याची आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती मिळवण्याची अट स्वीकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांच्या माहितीला संरक्षण देणारा कायदा झाला. भारतात २०२३ साली झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात ही वयोमर्यादा १८ आहे आणि मुलांवर नेम धरून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूदही आहे.

मार्च २००० नंतर इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचे भाव कोसळले. अमेरिकेतला इंटरनेट जाहिरातींचा महसूल २००० साली सुमारे ८ अब्ज डॉलर होता, तो २००२ साली ६ अब्जांवर आला. अनेक फुकट सेवा बंद पडल्या किंवा पैसे मागू लागल्या. ‘आता फुकटचे दिवस संपले’ असे वाटत असताना १ एप्रिल २००४ रोजी गूगलने ‘जीमेल’ची घोषणा केली. जागा १ गीगाबाइट, म्हणजे हॉटमेलच्या सुमारे ५०० पट. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली.

हिशेब कसा जुळवला? पत्रातले शब्द यंत्राने वाचून त्यांच्याशी जुळणारी जाहिरात शेजारी लावायची, अशी ही योजना होती. सहलीबद्दल पत्र आले की बाजूला हॉटेलांच्या जाहिराती. माणूस वाचत नाही, यंत्र वाचते, असे गूगलचे म्हणणे. खाजगीपणासाठी झटणाऱ्या संघटनांनी लगेच विरोध केला. पत्र पाठवणाऱ्याने तर गूगलशी कसलाच करार केलेला नाही, मग त्याचे पत्र कशासाठी तपासायचे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. ही पद्धत बंद करण्याचे गूगलने जाहीर केले ते जून २०१७ मध्ये. तोवर माणसाबद्दल कळण्याचे इतर पुष्कळ मार्ग निघाले होते.

१९९६ ते २००४ या आठ वर्षांत काय बदलले ते आता सलग दिसेल. हॉटमेलची ओळ पत्राला बाहेरून चिकटवलेली होती, ती दिसत होती आणि सर्वांना सारखीच होती. जीमेलची जाहिरात पत्राच्या मजकुरातून उगवत होती. सेवेची किंमत पूर्वी जाहिरात पाहण्याच्या रूपाने दिली जाई, आता आपली ओळख देऊन ती चुकती होऊ लागली.

घरे पाडली गेली तेव्हा

जानेवारी १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचे जाहीर केले. काही महिन्यांतच नव्या अटी आल्या. पानांवरचा मजकूर वापरण्याचे व्यापक हक्क याहूकडे जातील, असे त्यांतून दिसत होते. घरमालकांनी निषेध केला, कित्येक जण सोडून गेले आणि याहूला अटी बदलाव्या लागल्या. पण मिळकतीचा प्रश्न सुटला नाही. २६ ऑक्टोबर २००९ रोजी याहूने जिओसिटीज बंद केले; जपानमधली शाखा तेवढी मार्च २०१९ पर्यंत टिकली.

बंदची घोषणा होताच ‘अर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने आणि इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने जमतील तेवढी पाने उतरवून घेतली. त्यामुळे पुष्कळ काही वाचले. बाकीचे गेले. एखाद्या शिक्षकाने केलेली भूमितीची पाने, मुलाने लिहिलेली आजोबांची हकीकत यांना वाचक होते, लिहिणाऱ्याला मोल होते. जाहिरातदाराला ते नव्हते, आणि ज्याच्या पैशावर घर उभे असते त्याचा रस संपला की घर राहत नाही. सार्वजनिक ग्रंथालयात कोणी न वाचलेले पुस्तकही कपाटात जपून ठेवतात. ग्रंथालयाचा खर्च वेगळ्या हिशेबाने चालतो म्हणून ते शक्य होते.

फुकट सेवा वाईट होत्या, असे यातून म्हणता येणार नाही. सायबर कॅफेतल्या त्या विद्यार्थ्याला दुसरा पर्याय नव्हता. परंतु हिशेब मांडता यायला हवा. वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना रोजच्या वापरातली एक फुकट सेवा निवडायला सांगावे आणि वहीत चार रकाने करावेत: ही सेवा चालवायला कशाकशाचा खर्च येतो, पैसे कोण देते, त्याला बदल्यात काय मिळते, आणि त्याने देणे थांबवले तर आपले तिथे ठेवलेले काय नाहीसे होईल. पहिले तीन रकाने मुले चर्चेने भरतील. चौथा भरताना फोटो, गाणी, लिहिलेली पाने यांची यादी निघेल. त्यातले जे हरवू नये असे वाटते, त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवायची, हा त्या तासाचा गृहपाठ.